वाचकांचे प्रश्न : पॉइंटर नल निघाला, पण का निघाला?

या वेळी पत्रपेटीत ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, लिहिणाऱ्यांचीच गर्दी आहे आणि जवळजवळ सगळ्यांचं दुखणं एकच, नल पॉइंटर, म्हणजे मेमरीतली जागा दाखवायच्या ऐवजी शून्य घेऊन बसलेला पॉइंटर. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकला. फंक्शनांची नावं आणि हेक्स आकडे देवनागरीत छापलेत, कोडमध्ये शोधताना तेवढं जुळवून घ्या.

प्रश्न : नमस्कार सर, मी हिंजवडीत एका एम्बेडेड कंपनीत नवीनच लागलोय. आमच्या एआरएम बोर्डवर टचस्क्रीनचा ड्रायव्हर लोड केला की कधीकधी लॉगमध्ये येतं, 'अनेबल टू हँडल कर्नल नल पॉइंटर डीरेफरन्स अ‍ॅट व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस', पुढे शून्यांची माळ आणि शेवटी १८. अ‍ॅड्रेस १८ आहे तर हा नल कसा? आणि मी इंटरप्ट हँडलरच्या (चिपने हाक मारली की चालणाऱ्या फंक्शनच्या) पहिल्याच ओळीत 'पॉइंटर नल असेल तर परत फिर' असं टाकलं, क्रॅश गेला, पण आता अधूनमधून बूट झाल्यावर टच चालतच नाही. टीम लीड म्हणतात क्रॅश गेला ना, मग टिकिट बंद कर. करू का?
— नवखा ड्रायव्हरवाला, पुणे

उत्तर : नका करू. टिकिट बंद झालं तरी बग तिथेच आहे, फक्त आता तो ओरडत नाहीये.

आधी त्या १८ चं बघू. हा आकडा हेक्समधला, म्हणजे आपल्या नेहमीच्या हिशोबात २४. तुमच्या ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर शून्य होता आणि कोड त्या स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून २४ बाइट पुढचं फील्ड वाचायला गेला, शून्य अधिक २४, झालं. ६४ बिट मशीनवर आधी तीन पॉइंटर बसले की चौथं फील्ड बरोबर २४ वर येतं. पहिल्या पानातला, म्हणजे साधारण पहिल्या ४ केबीमधला कुठलाही अ‍ॅड्रेस आला की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो नलच धरतं आणि तसाच मेसेज छापतं. त्यामुळे हा १८ फार कामाचा आहे, फील्ड कुठलं ते तोच सांगतो. पाहोल नावाचं टूल आहे, त्याला डीबग माहितीसकट बनवलेली मॉड्यूलची फाइल द्या, ते प्रत्येक फील्डसमोर ऑफसेट छापतं, त्यात २४ शोधा, कुठला पॉइंटर रिकामा होता ते तिथेच कळतं.

मग लॉगमधली पीसीची, म्हणजे प्रोसेसर कोडमध्ये कुठे होता ते सांगणारी, ओळ. तिथे फंक्शनचं नाव, अधिक चिन्ह, एक आकडा, तिरकी रेघ आणि अजून एक आकडा असं दिसेल. पहिला आकडा म्हणजे फंक्शनमध्ये किती बाइट आत गेल्यावर पडला, दुसरा म्हणजे फंक्शनची एकूण लांबी. तो अख्खा तुकडा कर्नल सोर्सच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या एफ-अ‍ॅडर-टू-लाइन स्क्रिप्टला दिला की ती सोर्समधली ओळ काढून देते, मधे इनलाइन झालेली फंक्शनंसुद्धा दाखवते. अट एकच, फाइल त्याच बिल्डची पाहिजे, कालचा लॉग आणि आजचं बिल्ड असं केलं तर ती भलतीच ओळ दाखवेल आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत तिकडे खणत बसाल. अजून एक बघायचं, लॉगमध्ये 'टेंटेड' पुढे जी अक्षरं असतात त्यात डी आहे का? असेल तर याच्या आधी एक ऊप्स, म्हणजे कर्नलमधला क्रॅश, होऊन गेलाय, वर स्क्रोल करा आणि पहिला पकडा, नंतरचे बरेचदा त्याचीच पिल्लं असतात.

आता खरा मुद्दा, पॉइंटर नल का होता. तुम्ही प्रोबचा, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसला जोडताना चालणाऱ्या फंक्शनचा, कोड पाठवलेला नाही, पण लक्षणं इतकी ओळखीची आहेत की पैज लावतो. तुमच्या प्रोबमध्ये आधी इंटरप्ट रिक्वेस्ट केलाय आणि त्याच्या खाली कुठेतरी आय-टू-सी क्लायंटडेटा (डिव्हाइससोबत ठेवलेला ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर) सेट केलाय. बरेच जण मनात असं धरून चालतात की प्रोब संपल्याशिवाय हँडलर येणार नाही. असं काही नसतं! रिक्वेस्ट केला त्या क्षणापासून हँडलर कधीही येऊ शकतो, रिक्वेस्टचं फंक्शन परत यायच्या आधीसुद्धा. आणि टच कंट्रोलरमध्ये असे भरपूर आहेत जे रीसेट झाले की 'मी तयार' म्हणून इंटरप्ट लाइन लगेच खाली ओढतात. म्हणजे इंटरप्ट आधीच दारात उभा असतो, तुम्ही दार उघडलं की आत. हँडलर क्लायंटडेटा मागतो, तो अजून भरलेलाच नाही, मिळतं नल.

आणि तुमच्या चेकने काय केलं बघा. हँडलर चिपशी न बोलताच परत फिरला. चिपने लाइन खाली ओढलेली ती तशीच, कारण कोणीतरी येऊन तिचा डेटा वाचेपर्यंत ती लाइन सोडत नाही. आता डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय काय आहे त्याच्या वर्णनात) तुमचा इंटरप्ट 'फॉलिंग एज', म्हणजे लाइन वरून खाली येते त्या क्षणीच येणारा, असा लिहिलेला असणार, तर पुढची एज येणार कुठून? लाइन वर गेलीच नाही तर खाली कशी येईल. म्हणून टच मेलेला. लेव्हलवाला, म्हणजे लाइन खाली आहे तोवर येत राहणारा, असता तर हँडलर पुन्हा पुन्हा आला असता आणि एव्हाना क्लायंटडेटा भरला गेला की गाडी रुळावर आली असती, म्हणजे बग आहे हे कोणाला कळलंही नसतं. कधी होतं कधी नाही याचं कारणही हेच, चिप रीसेटमधून किती लवकर बाहेर येते त्यावर सगळं अवलंबून.

दुरुस्ती म्हणजे क्रम बदलणे. मेमरी घ्या, क्लायंटडेटा सेट करा, लॉक, वर्क वगैरे जे काही हँडलर वापरतो ते सगळं इनिशियलाइझ करा, इनपुट डिव्हाइस तयार ठेवा आणि सगळ्यात शेवटी इंटरप्ट रिक्वेस्ट करा. काही कारणाने आधीच करावा लागत असेल तर 'नो ऑटो एनेबल'चा फ्लॅग लावा आणि तयारी झाल्यावर हाताने एनेबल करा. अजून सोपं म्हणजे हँडलरला लागणारा पॉइंटर रिक्वेस्ट करतानाच शेवटच्या आर्ग्युमेंटमधून द्या, मग क्लायंटडेटा मागायची भानगडच नको. हे झालं की तुमचा तो चेक काढून टाका. गळक्या पत्र्याखाली बादली ठेवली म्हणजे पत्रा बदलला असं होत नाही, आणि पुढचा माणूस तो चेक बघून समजेल की इथे नल येणं नॉर्मल आहे.

जाता जाता रिमूव्हकडेही, म्हणजे ड्रायव्हर सुटताना चालणाऱ्या फंक्शनकडेही, बघून घ्या, कारण प्रोबमध्ये ज्याने क्रम चुकवलाय त्याने तिकडेही चुकवलेला असतो. डेव्हएमवाल्या, म्हणजे घेतलेलं आपोआप सोडणाऱ्या, फंक्शनांनी घेतलेला इंटरप्ट तुमचं रिमूव्ह फंक्शन संपल्यावर सुटतो, आधी नाही. तुम्ही रिमूव्हमध्ये हाताने केफ्री करून, म्हणजे मेमरी सोडून, पॉइंटर नल केला असेल तर त्या दोघांच्या मधल्या फटीत इंटरप्ट आला की परत तेच. एकतर सगळं डेव्हएमवर सोडा नाहीतर सगळं हाताने करा, अर्धं अर्धं करू नका.

प्रश्न : सर, मी नल चेक केलेला असूनही क्रॅश होतो! क्लॉक मागितला, 'नल असेल तर एरर' असं लिहिलं, तरी पुढच्याच ओळीत क्लॉक एनेबल करताना बोर्ड पडतो. अ‍ॅड्रेस भलताच मोठा येतोय, सगळे एफ आणि शेवटी डीएफबी. मेसेजमध्ये नल शब्दच नाही, 'पेजिंग रिक्वेस्ट' म्हणतंय.
— वैतागलेली वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या हातात आलेला पॉइंटर नल नव्हताच, तो एरर होता. लिनक्स कर्नलमध्ये बरीच फंक्शनं चूक झाली की नल देत नाहीत, एरर नंबरच पॉइंटरच्या वेषात परत पाठवतात. अ‍ॅड्रेसच्या अगदी वरच्या टोकाचे ४०९५ आकडे यासाठी राखून ठेवलेत, तिथे खरी मेमरी कधीच नसते. तुमचा डीएफबी म्हणजे उणे ५१७, आणि ५१७ म्हणजे प्रोब डिफर, म्हणजे क्लॉक देणारा ड्रायव्हर अजून आलेला नाही, थोड्या वेळाने परत ये. कर्नल चांगलं सांगत होतं की थांब जरा, पण तुमचा कोड फक्त 'शून्य आहे का' एवढंच विचारत होता, शून्य नाही म्हणून पुढे गेला. हे शेपटाचे आकडे ओळखीचे करून घ्या, शेवटी ईडी दिसलं तर उणे १९, डिव्हाइसच नाही, एफ४ दिसलं तर उणे १२, मेमरी मिळाली नाही. मधे फील्डचा ऑफसेट मिसळला तर आकडा थोडा सरकतो, तरी सगळे एफ दिसले की हा संशय आधी घ्यायचा.

खरा त्रास हा की कोण काय परत देतं यात शिस्त नाही. मेमरी मागणारं केमॅलॉक आणि त्याची भावंडं नल देतात. क्लॉक गेट एरर पॉइंटर देतं. प्लॅटफॉर्म गेट रिसोर्स नल देतं. डेव्हएम आयओरीमॅप नल देतं पण त्याच नावापुढे रिसोर्स लावलेलं डेव्हएम आयओरीमॅप रिसोर्स मात्र एरर पॉइंटर देतं, एका शब्दाचा फरक आणि वागणं उलटं, ही जोडी ज्याने ठरवली त्याला एकदा चहाला बोलवून विचारायचंय. जीपीआयओचं, म्हणजे चिपच्या साध्या पिनांचं, 'ऑप्शनल'वालं फंक्शन दोन्ही देतं, पिन दिलेलीच नसेल तर नल आणि मागताना खरंच काही बिघडलं तर एरर, आणि तिथे नल आला तर घाबरायचं नाही, पुढची जीपीआयओ फंक्शनं नल घेऊन गप्प बसतात. डीबगसाठी फाइली दाखवणाऱ्या डीबगएफएसचं तर काहीच चेक करायचं नाही असं तो कोड सांभाळणारे मेंटेनरच सांगतात. त्यामुळे सवयीने चेक टाकायचा नाही, फंक्शनच्या वरची कॉमेंट उघडून वाचायची.

आणि आता कोणीतरी सांगेल की 'इज एरर ऑर नल' वापर, दोन्ही एकदम चेक होतं. त्याच्यात एक गंमत आहे. लोक लिहितात, इज एरर ऑर नल असेल तर पॉइंटर-एरर परत कर. पॉइंटर नल असेल तर त्यातून निघणारा एरर नंबर किती? शून्य. आणि प्रोबमधून शून्य परत गेला की कर्नल समजतं प्रोब यशस्वी! ड्रायव्हर जोडला जातो, अर्धवट भरलेलं स्ट्रक्चर घेऊन, आणि क्रॅश होतो तो तासाभराने कोणीतरी डिव्हाइस उघडल्यावर, तेव्हा स्टॅक ट्रेसमध्ये प्रोबचं नावही नसतं. रिव्ह्यूमध्ये हे मॅक्रो दिसलं की मी तिथे थांबतोच.

प्रश्न : नमस्कार. मी कॉम्प्युटरवाला नाही, बँकेतून रिटायर झालोय. २०२४ च्या जुलैमध्ये आम्ही उभयता मुलीकडे निघालो होतो तेव्हा एअरपोर्टवर सगळे स्क्रीन निळे आणि बोर्डिंग पास हाताने लिहून मिळाला, तो अजून जपून ठेवलाय. जावई म्हणतात तो सगळा गोंधळ एका नल पॉइंटरमुळे झाला. खरं का?
— ज्येष्ठ वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, पास जपून ठेवा, पण जावईबापूंचं थोडं चुकतंय. त्यांचा दोष नाही म्हणा, त्या दिवशी अर्ध्या जगाने हेच फॉरवर्ड केलं होतं.

झालं असं की १९ जुलै २०२४ ला, आपल्याकडे सकाळचे ९:३९ वाजले असताना, क्राउडस्ट्राइक कंपनीने आपल्या फाल्कन सिक्युरिटी सॉफ्टवेअरला एक छोटी डेटा फाइल पाठवली. १०:५७ ला ती मागेही घेतली, पण तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली. फाल्कनचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून चालतो आणि बूट होतानाच लोड होतो, त्यामुळे मशीन चालू केलं की परत निळा स्क्रीन, परत चालू केलं की परत निळा, आणि माणूस प्रत्येक मशीनपाशी जाऊन ती फाइल हाताने काढेपर्यंत सुटका नाही.

कंपनीने नंतर दिलेल्या अहवालाप्रमाणे कारण असं, त्या फाइलमधले नियम २१ गोष्टी तपासू शकतील अशी व्याख्या केलेली होती पण ड्रायव्हरमधला कोड द्यायचा २० च. आधीच्या फाइलींमध्ये एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' असं होतं म्हणून तिकडे कोणी बघायला गेलंच नाही. त्या दिवशीच्या फाइलने पहिल्यांदा एकविसावी गोष्ट खरोखर तपासायला सांगितली, ड्रायव्हर वीस खणांच्या रांगेत एकविसावा खण उघडायला गेला, तिथे जे काही पडलेलं होतं ते अ‍ॅड्रेस समजून वाचायला गेला आणि पडला. म्हणजे ही हद्दीबाहेर वाचल्याची चूक. एका गाजलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तो कचरा योगायोगाने ९सी असा छोटा आकडा होता, तो बघून लोकांनी वरच्या पहिल्या प्रश्नासारखा हिशोब केला, नल अधिक ९सी, आणि निकाल लावून मोकळे झाले. पण ज्यांनी डिसअसेंब्ली, म्हणजे मशीन कोडचा वाचता येणारा उतारा, नीट वाचली त्यांनी तेव्हाच दाखवलं होतं की बरोबर त्या जागेच्या आधी नल चेक आहे! चेक होता, तो चाललाही, पॉइंटर नल नव्हता म्हणून पुढे सोडलं. जावईबापूंना एवढं नक्की सांगा.

प्रश्न : मी आरटीओएसवर काम करतो, मायक्रोकंट्रोलरसाठी ड्रायव्हर लिहितो. माझ्या कोडमध्ये नल चेक आहे, डोळ्यांनी दिसतोय, पण डिसअसेंब्लीत गायब. ऑप्टिमायझेशन बंद केलं की परत येतो. कंपायलरचा बग म्हणून रिपोर्ट करू का?
— कोल्हापूरचा एक फर्मवेअरवाला

उत्तर : थांबा, आधी चेकच्या वरच्या ओळी बघा. तिथे तोच पॉइंटर आधीच वापरलेला असणार. बहुतेक व्हेरिएबल डिक्लेअर करतानाच बाण मारून त्यातून काहीतरी काढून घेतलं असेल आणि चेक त्याच्या खाली. सी भाषेच्या नियमाने नल पॉइंटर वापरणं म्हणजे अनडिफाइन्ड, काय होईल याची हमी नाही, मग कंपायलर म्हणतो, साहेबांनी वरच्या ओळीत पॉइंटर वापरला म्हणजे तो नल नसणारच, मग खाली परत विचारायचं कशाला, उडव तो चेक. त्याच्या परीने बरोबरच आहे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लिनक्सच्या टन ड्रायव्हरमधलं, व्हीपीएनला जे खोटं नेटवर्क कार्ड लागतं ना, ते देणारा. २००९ ची गोष्ट, कर्नल २.६.३०. त्याच्या पोल फंक्शनमध्ये पहिल्या ओळीत टन नावाच्या पॉइंटरमधून सॉकेटचा पॉइंटर काढला होता आणि त्याच्या खाली 'टन नल असेल तर एरर'. जीसीसी कंपायलरने चेक उडवला. आता एरवी नल वापरला तर निदान क्रॅश तरी होईल, पण सुरक्षा संशोधक ब्रॅड स्पेंगलरने दाखवून दिलं की हल्ला करणाऱ्याने आपल्या प्रोसेसमध्ये शून्य अ‍ॅड्रेसवर स्वतःचं पान मॅप करून ठेवलं तर क्रॅशही होत नाही, कर्नल आनंदाने त्याने लिहून ठेवलेला डेटा वाचतं आणि रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, हातात येतं. शून्याजवळ मॅप करायला बंदी घालणारी सेटिंग तेव्हाही होती पण तिलाही त्याने वळसा घातला. दुरुस्ती म्हणाल तर ती ओळ चेकच्या खाली नेली, बस. आणि त्यानंतर कर्नल बिल्ड करताना 'नल चेक डिलीट करू नको' असा फ्लॅग जीसीसीला द्यायला सुरुवात झाली, तो आजही आहे.

तुमच्याकडे तो फ्लॅग लावून भागेल असं समजू नका, कारण तुमचा त्रास अजून एक आहे. कॉर्टेक्स-एम घराण्यात शून्य अ‍ॅड्रेसवर सहसा खरीखुरी मेमरी असते, तिथे व्हेक्टर टेबल (इंटरप्ट आला की कुठे जायचं त्याची यादी) बसतं आणि पहिल्या शब्दात सुरुवातीचा स्टॅक पॉइंटर असतो. म्हणजे नल वाचला तरी काही फॉल्ट येत नाही, स्टॅकचा अ‍ॅड्रेस तुमचा डेटा म्हणून हातात येतो आणि ड्रायव्हर पुढे चालू! चिपमध्ये एमपीयू (मेमरीच्या भागांवर पहारा ठेवणारं युनिट) असेल तर त्या भागावर डेटा वाचायची बंदी घालून ठेवा, मग निदान चूक झाल्या जागी पडेल. आणि ती ओळ चेकच्या खाली न्या, हे सांगायला नकोच.

प्रश्न : दादा, मी सांगलीला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी यूएसबी सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर लिहिलाय. अ‍ॅप चालू असताना केबल उपटली की कधी नल पॉइंटर येतो, कधी सगळीकडे ६बी ६बी ६बी, कधी काहीच नाही. डिसकनेक्ट झाल्यावर मी पॉइंटर नल करतो आणि रीडमध्ये चेकही करतो, अजून काय करू?
— शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : अरे वा, केबल उपटून बघितलीस हेच मोठं काम, कितीतरी विकले जाणारे ड्रायव्हर या टेस्टला पडतात.

तुझा चेक बरोबर आहे पण तो चेक करण्याच्या आणि वापरण्याच्या मधे वेळ जातो. रीडने बघितलं, पॉइंटर ठीक आहे, आणि तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर डिसकनेक्टने तो नल केला आणि मेमरीही सोडून दिली. रीडने पॉइंटर परत वाचला तर नल, जुनाच हातात धरून ठेवला असेल तर सोडलेली मेमरी. तुझे ६बी त्याचेच, स्लॅब डीबग चालू असलं की कर्नल सोडलेल्या मेमरीत मुद्दाम ६बी भरून ठेवतं, म्हणजे नंतर कोणी तिथे तोंड घातलं तर कळावं. त्यामुळे दोन लक्षणं असली तरी आजार एकच आहे. चेक दुप्पट केलेस तरी फट बारीक होईल, बुजणार नाही.

दोन गोष्टी वेगळ्या कर. एक, डिव्हाइस अजून जोडलेला आहे का, आणि दोन, आपलं स्ट्रक्चर अजून जिवंत आहे का. पहिल्यासाठी एक म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं लॉक, आणि एक 'गेला' असा फ्लॅग. डिसकनेक्ट लॉक घेऊन फ्लॅग लावेल, रीड लॉक घेऊन फ्लॅग बघेल आणि हार्डवेअरशी बोलून होईपर्यंत लॉक सोडणार नाही, गेला असेल तर नो डिव्हाइस एरर देऊन परत. दुसऱ्यासाठी केरेफ म्हणजे मोजणी, प्रोबमध्ये एक, प्रत्येक ओपनला एक वाढव, रिलीज आणि डिसकनेक्टमध्ये एकेक कमी कर, शून्य झाली की मगच केफ्री. म्हणजे केबल गेली तरी अ‍ॅपने फाइल बंद करेपर्यंत स्ट्रक्चर जागेवर राहतं. आणि डिसकनेक्टमध्ये चालू असलेले यूआरबी (यूएसबीला दिलेल्या विनंत्या) किल करायचे, वर्कक्यूमध्ये (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) काही टाकलं असेल तर कॅन्सल वर्क सिंक, त्यातलं 'सिंक' महत्त्वाचं, चालू असलेलं काम संपेपर्यंत ते थांबतं. फक्त वर्क तोच म्यूटेक्स घेत असेल तर तो हातात धरून कॅन्सलची वाट बघू नकोस, दोघं एकमेकांची वाट बघत बसतील. कर्नल सोर्समध्येच यूएसबी स्केलेटन नावाचा नमुना ड्रायव्हर आहे, त्यात हे सगळं केलेलं आहे, तो शांतपणे वाच.

अजून एक, तुझ्या प्रोबमध्ये एंडपॉइंट (यूएसबीवर डेटा जायच्या-यायच्या वाटा) शून्य, एंडपॉइंट एक असं थेट घेतलंयस का? डिव्हाइसने किती एंडपॉइंट आहेत म्हणून सांगितलं ते आधी बघ, किंवा 'फाइंड कॉमन एंडपॉइंट्स' वापर. खोटे डिस्क्रिप्टर, म्हणजे स्वतःबद्दलची खोटी माहिती, देणारं यूएसबी लावून कर्नल पाडता येतं, सिझकॉलर नावाच्या फझरने (उलटसुलट इनपुट देऊन चुका शोधणाऱ्या टूलने) २०१७ मध्ये यूएसबी ड्रायव्हरमधल्या अशा चुका ढिगाने काढल्या होत्या. व्हायव्हात विचारलं तर हे सांग, सर लोक खूश होतील.

प्रश्न : सीऐवजी रस्ट भाषा वापरली तर हे सगळं जाईल ना?
— घाईतला वाचक, ठाणे

उत्तर : बरंचसं. रस्टचा साधा रेफरन्स नल असूच शकत नाही, नसण्याची शक्यता असेल तर तसं टाइपमध्येच लिहावं लागतं आणि दोन्ही बाजू हाताळल्याशिवाय कंपाइल होत नाही. डिसेंबर २०२२ च्या ६.१ पासून लिनक्समध्ये रस्टची सोय आहे. पण खाली सी आहेच आणि त्या सीमेवर कोणालातरी अनसेफ, म्हणजे कंपायलर ज्याची हमी घेत नाही असा कोड, लिहावाच लागतो, तिथे सीमधून आलेला पॉइंटर काय आहे हे माणसालाच तपासावं लागतं. तुमचा आजचा ड्रायव्हर सीमध्ये असेल तर वरचं सगळं वाचून घ्या.

प्रश्न : मी म्युनिकला असतो, मूळचा साताऱ्याचा. एका स्टॅटिक अ‍ॅनालायझरने (कोड न चालवता चुका शोधणाऱ्या टूलने) एका ड्रायव्हरमध्ये 'हा पॉइंटर नल असू शकतो' अशी वॉर्निंग दिली, मी चेक टाकून लिनक्सला माझा पहिला पॅच पाठवला. मेंटेनरचं एका ओळीचं उत्तर आलं, 'हे प्रत्यक्षात कधी होऊ शकतं?' बाकी काही नाही. जरा अपमानच वाटला. आता काय करू?
— म्युनिकचा सातारकर

उत्तर : अपमान नाही हो, तिकडे बोलण्याची पद्धतच तशी, आणि प्रश्न तर शंभर टक्के योग्य आहे. टूलने फक्त एवढंच सांगितलंय की कुठूनतरी नल येऊ शकतो असं त्याला वाटतंय. स्मॅचसारखं टूल बरेचदा म्हणतं, आधी तुम्ही धरलं होतं की हा नल असू शकतो, मग इथे न तपासता कसा वापरलात. याचे अर्थ दोन निघतात. एक म्हणजे खरंच नल येतो आणि इथे चेक हवा. दुसरा म्हणजे नल कधीच येत नाही आणि तो आधीचा चेकच फालतू आहे, मग योग्य पॅच म्हणजे तो काढून टाकणं. कुठला अर्थ खरा हे फंक्शनला बोलावणाऱ्या सगळ्या जागा वाचूनच कळतं, आणि तेच काम तुम्ही करावं अशी मेंटेनरची अपेक्षा आहे.

ते इतके काटेकोर का झालेत त्याला इतिहासही आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी चांगल्या दिसणाऱ्या छोट्या दुरुस्त्यांच्या आडून मुद्दाम चुका घुसवता येतात का याचा प्रयोग केल्याचं बाहेर आलं. कर्नलचा मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमनने त्या विद्यापीठाचे पॅच बंद केले आणि जुने १९० पॅच मागे घ्यायची मालिका पाठवली, मग बाकीच्यांना ते एकेक तपासत बसावं लागलं, त्यातले बरेच चांगलेही निघाले. त्यात फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले स्वतःच सीव्हीई नंबर (सुरक्षेच्या त्रुटींचे क्रमांक) देतात आणि स्टेबलमध्ये, म्हणजे आधीच्या रिलीजच्या दुरुस्ती शाखांमध्ये, गेलेल्या नल पॉइंटरच्या दुरुस्त्यांनाही ते बरेचदा मिळतात, त्यामुळे तुमच्या एका अनावश्यक चेकपायी कुठल्यातरी कंपनीत कोणीतरी रात्री पॅच लावत बसायचा.

मेमरी न मिळाल्यामुळे नल येतो असं तुमचं म्हणणं असेल तर ते दाखवायला फेलस्लॅब आहे. कर्नल ते कॉन्फिग चालू करून बिल्ड करा, डीबगएफएसमध्ये किती टक्के वेळा अ‍ॅलोकेशन फसवायचं ते लिहा आणि ड्रायव्हर लोड करा. एरवी छोटी अ‍ॅलोकेशन सहसा फसतच नाहीत, कर्नल धडपड करून मेमरी मिळवतंच, म्हणून एररचे ते रस्ते वर्षानुवर्षं कोणी चाललेलंच नसतं आणि तिथेच घाण साठते. ऊप्स मिळाला तर त्यातल्या कामाच्या पाच-सहा ओळी पॅचच्या वर्णनात टाका, अख्खा रजिस्टर डंप नको. नल कुठून सुरू होतो, कुठल्या वाटेने इथे येतो, हे दोन-तीन वाक्यांत लिहा. कुठल्या जुन्या बदलाने हे आलं ते गिट ब्लेमने शोधा आणि 'फिक्सेस' टॅगमध्ये त्याचा हॅश पहिल्या बारा अक्षरांत आणि शीर्षकासकट द्या, जुन्या रिलीजमध्येही जायला हवं असेल तर स्टेबलला सीसी. आणि सगळं तपासून नल येतच नाही असं निघालं तर तसं सरळ कळवा आणि पॅच मागे घ्या, मेंटेनरला ते चेकपेक्षा जास्त आवडतं. परत पाठवणार असाल तर सब्जेक्टमध्ये व्ही२ लिहा, मेल साध्या टेक्स्टमध्ये ठेवा, एचटीएमएल केलंत तर लिस्ट ते फेकून देते, आणि आधीच्यापेक्षा काय बदललं ते साइन्ड-ऑफच्या ओळीनंतर येणाऱ्या तीन डॅशच्या खाली टाका, वर टाकलं तर ते कायमचं इतिहासात जाऊन बसतं.